आधी आकडा बघ

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र मिळाले. दूध दुसऱ्याच दुपारी नासले, शिजवलेला भात टाकून द्यावा लागला, आणि अन्न गार ठेवायला नवा घेतलेला विजेवरचा डबा रात्रभर चालू राहिल्याने पहाटे इंजिनच सुरू होईना. तेव्हा ट्रकच्या केबिनमध्ये स्वतःचे अन्न बाळगण्याचा नाद सोडून द्यावा काय, असे तू विचारले आहेस. महिना महिना रस्त्यावर काढणाऱ्याने आपले अन्न आपल्याजवळ का ठेवावे, हे मी तुला सांगायला नको. ते तुला उमगले आहे म्हणूनच तू एवढा त्रागा केला आहेस. पण तीन पानांच्या पत्रात तू डब्याचा आकार लिहिलास, त्याची हमी किती वर्षांची ते लिहिलेस, विकणारा काय म्हणाला तेही लिहिलेस, आणि आतले तापमान किती होते हे मात्र एकदाही लिहिले नाहीस. 'हात घातला तर चांगले गार लागत होते', एवढे एकच वाक्य त्याबद्दल आहे. ते वाक्य मी स्वतः एकदा बोललो आहे, आणि म्हणून तुझे पत्र वाचल्यावर मला लवकर झोप लागली नाही.

तळहाताच्या त्वचेचे तापमान साधारण ३० अंशांच्या वरच असते. तिला १५ अंशांवरचे भांडे गार लागणारच, आणि १५ अंशांवर शिजवलेल्या अन्नात जंतू वाढतच असतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली सुरक्षित अन्नाची पाच सूत्रे मांडली. त्यांत नाशवंत अन्न ५ अंशांच्या खाली किंवा ६० अंशांच्या वर ठेवावे आणि शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ तसेच बाहेर राहू देऊ नये, असे स्पष्ट म्हटले आहे. ४ अंश आणि १० अंश यांतला फरक तुझ्या हाताला कळणार नाही, माझ्या हाताला कळला नाही, आणि कोणाच्याच हाताला तो कळत नाही. तेव्हा आधी आकडा बघ.

मी अनेक वर्षे गोठवलेला माल वाहिला आहे. मागच्या पेटीत उणे १८ अंश राखायचे, प्रत्येक थांब्यावर उतरून आकडा पाहायचा, तो वेळेसकट वहीत लिहायचा, आणि तो दोन अंशांनी जरी वर सरकला तरी काळजाचा ठोका चुकायचा, अशी ती नोकरी होती. माझे स्वतःचे जेवण त्या पेटीपासून चार हातांवर, आसनामागच्या बर्फपेटीत असे, आणि तिचे तापमान मी कधीही मोजले नव्हते. एका मुक्कामाला माझ्या शेजारी तुझ्याच वयाचा एक चालक गाडी लावून बसला होता, उपाशी होता. मी आदल्या दिवसाचा भात काढला. 'कालचा आहे का?' असे त्याने विचारले. मी झाकणाखाली हात घातला आणि म्हणालो, 'गार आहे, खा.' पेटीतला बर्फ सकाळीच संपला होता, उरले होते ते नुसते पाणी. तो भात मी वाफ निघेपर्यंत गरमही केला होता. तीन तासांत त्याला उलट्या सुरू झाल्या आणि रात्र त्याने सलाइनवर काढली. मी दोनच घास खाल्ले होते म्हणून माझे पोटदुखीवर निभावले.

भातातल्या काही जंतूंचे बीजाणू शिजवण्याच्या उष्णतेतूनही वाचतात, भात तासन् तास कोमट राहिला की त्यांचे जंतू होऊन वाढतात आणि त्यांनी सोडलेले विष पुन्हा उकळूनही जात नाही, हे मला नंतर कळले. पण ते ठाऊक नव्हते ही सबब मी स्वतःला देऊ शकत नाही, कारण मालाचे तापमान पाहायचा थर्मामीटर त्या क्षणीही माझ्या खिशात होता. त्या मुलाने मला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरे झाले असते.

आता तुझ्या डब्याकडे येतो. तू घेतला आहेस तो फ्रिज नव्हे. तो पेल्टिए परिणामावर चालतो. दोन निरनिराळ्या धातूंच्या सांध्यातून वीज वाहिली की एक बाजू थंड आणि दुसरी गरम होते, हे १८३४ साली दिसून आले होते. असा डबा भोवतालच्या हवेपेक्षा फार तर २० अंश खाली जातो. आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद केबिनचे तापमान बाहेरच्यापेक्षा २० अंशांनी सहज चढते. म्हणजे बाहेर ३५ असताना केबिन ५५ वर आणि तुझे दूध ३५ कडे निघालेले. डबा बिघडलेला नाही; त्याच्या ताकदीबाहेरचे काम तू त्याला दिलेस. शिवाय असे बहुतेक डबे मध्ये थांबत नाहीत, सतत वीज ओढतात, म्हणून तुझी बॅटरी उतरली. घेतल्या दिवशी त्यात थर्मामीटर ठेवला असतास, तर हे सगळे तुला पहिल्या दुपारीच दिसले असते.

मी मात्र पुढेही बरीच वर्षे बर्फावरच काढली. हा म्हातारा हट्टी आहे, नवे काही घेत नाही, असे बरोबरीचे लोक म्हणत, आणि त्यांचे म्हणणे मला अजून बोचते. माझ्या हट्टाला कारण होते. एक किलो बर्फ नुसता वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता एक किलो पाणी ८० अंशांवरून शून्यावर आणताना काढावी लागते. बर्फ शिल्लक आहे तोवर त्याला लागून असलेले पाणी शून्याच्या आसपासच राहते, आणि त्यासाठी बॅटरी लागत नाही. मोठी लादी चुऱ्यापेक्षा कितीतरी जास्त टिकते. पेटी आदल्या रात्रीच थंड करून ठेवायची, अन्नाच्या दुप्पट वजनाचा बर्फ घालायचा, अन्न घट्ट झाकणाच्या डब्यांत ठेवायचे म्हणजे वितळलेले पाणी त्याला लागत नाही, रिकामी जागा गोठवलेल्या बाटल्यांनी भरायची; हे सगळे मी नेमाने करत आलो आहे आणि त्या भाताच्या दिवसानंतर माझ्या पेटीतले खाऊन कोणी आजारी पडलेले नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बर्फ की वीज हा वाद माझ्या दृष्टीने दुय्यम आहे, एवढे तुला पटावे म्हणून सांगतो. बर्फाच्या पेटीतही वरचा थर तळापेक्षा गरम असतो, आणि तो किती गरम आहे हे आकडाच सांगतो.

तुला वीजच हवी असेल तर कॉम्प्रेसरचा फ्रिज घे, आणि तोही वरून उघडणारा, म्हणजे झाकण उघडताच जड थंड हवा बाहेर ओघळत नाही. साधारण ४० लिटरचा असा फ्रिज चालू असताना ४५ ते ६० वॅट घेतो, पण तापमान गाठले की थांबतो. तो सिगारेट लायटरच्या सॉकेटला लावू नकोस, धक्क्यांनी ते टोक सैल होते. बॅटरीपासून जाड वायर फ्यूज घालून थेट ओढून घे. वायर बारीक आणि लांब असली तर वाटेतच व्होल्टेज पडते, बॅटरी उतरली असे समजून फ्रिज रात्रीतून बंद होतो आणि तू सकाळपर्यंत निर्धास्त झोपतोस. बॅटरी संरक्षणाची पातळी, म्हणजे बॅटरी किती उतरली की फ्रिजने आपोआप थांबावे ती खूण, मात्र वरच्या टप्प्यावर ठेव. फ्रिज मध्यरात्री थांबलेला परवडतो, इंजिन पहाटे न उठलेले परवडत नाही. कॉम्प्रेसरच्या जाळीसमोर कपड्यांची पिशवी ठेवू नकोस. गरम जेवण पसरट भांड्यात निववून, पण दोन तासांच्या आत, डब्यात जाऊ दे.

पण हे सगळे थर्मामीटरनंतरचे आहे. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी तापमान लक्षात ठेवणारा साधा थर्मामीटर घे, कारण तू झोपलेला असताना काय झाले हे तोच सांगेल. घेतल्यावर त्याचीही परीक्षा कर: पेलाभर बर्फाचा चुरा, त्यात तो जेमतेम बुडेल इतके पाणी, थोडे ढवळून थर्मामीटरचे टोक त्यात बुडवून काही मिनिटे थांबायचे, आणि आकडा शून्यावर किंवा अगदी त्याच्या जवळ आला पाहिजे. मग त्याची तापमान मोजणारी तार पाण्याच्या लहान बाटलीत सोडून ती बाटली डब्याच्या सर्वांत गरम कोपऱ्यात, वरच्या बाजूला ठेव. असे केले की झाकण उघडल्याबरोबर आकडा उड्या मारत नाही, अन्नाला जे तापमान भोगावे लागते तेच दिसते. पाच अंशांच्या वर किती वेळ गेला हे नक्की सांगता येत नसेल, तर ते अन्न फेकून दे. वास घेऊन ठरवू नकोस. त्या भाताला काहीही वास येत नव्हता.

नवा फ्रिज लगेच घेऊ नकोस. आहे त्याच डब्यात आठ दिवस थर्मामीटर ठेव आणि सकाळी उठल्यावर, दुपारी गाडी उन्हात उभी असताना आणि रात्री झोपताना, असे तीन वेळचे आकडे वहीत लिही. ती पाने मला पाठव. कोणता फ्रिज घ्यायचा ते मग आपण ठरवू.

तुझा शुभचिंतक