वयस्कर आई-वडील आणि लहान मुलांना घेऊन मे महिन्यात गाडीने कोकण किनारा करावा का? तुमचा अनुभव कसा होता?

जरूर करा. फक्त महामार्गाने धावत जाऊ नका, समुद्राच्या कडेकडेने जा, आणि एका दिवसात एकाच ठिकाणाचा बेत ठेवा. तुम्ही विचारलंय की उन्हात म्हाताऱ्या माणसांचे हाल होतील का, घाटात मुलांना त्रास होईल का, आणि वाटेत गाडी बिघडली तर काय करायचं. आमच्या प्रवासात यातलं थोडं थोडं सगळंच झालं. तरीही मी ठामपणे जाच म्हणतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आम्ही मिरजेचे. गाडीत सात जण होतो: सासू-सासरे, आम्ही दोघं, धाकटे दीर आणि आमची दोन मुलं. सासऱ्यांना आम्ही अण्णा म्हणतो. त्यांचा जन्म गुहागर तालुक्यातला, हेदवीच्या पट्ट्यातल्या एका वाडीतला. मिसरूड फुटायच्या वयात नोकरीसाठी घाट चढून वर आले ते इकडचेच झाले. गावचं घर भाऊबंदांनी केव्हाच विकलं होतं, आणि गुडघे धरल्यापासून त्यांचा एसटीचा प्रवासही बंद झाला होता. एकदा खाडी बघायचीय, एवढंच ते म्हणायचे. म्हणून हा सगळा घाट घातला.

जाताना कराड, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण, गुहागर असे गेलो. तिथून तवसाळची फेरीबोट घेऊन जयगड, मग गणपतीपुळे, रत्नागिरी, पावस, कशेळी, देवगड, मालवण असं खाली उतरत गेलो. येताना फोंडा घाट चढून दाजीपूर-राधानगरीमार्गे कोल्हापूर. घाटमाथ्यावरून येणाऱ्यांना हा मार्ग फार सोयीचा पडतो, एकही रस्ता दुसऱ्यांदा लागत नाही.

घाटाची भीती बाळगू नका. कुंभार्लीत आमची धाकटी दोनदा ओकली. तिला पुढच्या सीटवर घेतलं, काच खाली केली, तोंडात आमसूल दिलं आणि पोफळीपर्यंत तिचा चेहरा पुन्हा खुलला. निघताना पोटभर नाश्ता देऊ नका आणि घाटात मुलांच्या हातात मोबाईल देऊ नका, बस. घाट उतरताना अण्णांनी मुलांना कोयनेची गोष्ट सांगितली. कोयना खरं तर पूर्वेला देशाकडे वाहणारी नदी, पण तिचं अडवलेलं पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्यांनी पलीकडे नेलंय. ते पोफळीच्या वीजघरात पडतं आणि पुढे चिपळूणच्या वाशिष्ठीत जातं. म्हणजे आपण जो घाट गाडीने उतरतोय तोच हे पाणी आतून उतरतं. थोरल्याने त्यानंतर प्रत्येक पूल आला की हे कोयनेचं पाणी का, असं विचारून अण्णांना बोलतं ठेवलं. म्हातारी माणसं गाडीत असली की असा फायदा होतो, तो कुठल्या गाईडकडून मिळणार नाही.

हेदवीला दशभुज गणेशाचं देऊळ आहे ते सगळ्यांना माहीत असतं, पण मुलांना घेऊन जाताय तर बामणघळ चुकवू नका. किनाऱ्यावरच्या खडकाला एक अरुंद, खोल चीर आहे. भरतीच्या वेळी लाट त्या चिरेत घुसते आणि कोंडल्यामुळे धाडकन उंच उसळते. ओहोटीला गेलात तर तिथे नुसती भेग दिसेल. भरतीची वेळ काढायचं गणित अण्णांनी मुलांना शिकवलं: तिथीची पाऊणपट करायची. त्या दिवशी त्रयोदशी होती. अण्णांनी शाळेत घोकलेली पाऊणकी म्हटली, तेर पाऊण पावणेदहा, आणि आम्ही पावणेदहाच्या आधीच तिथे जाऊन बसलो. पावणेदहाच्या सुमाराला पाणी जे उसळायला लागलं! धाकटी दर लाटेला किंचाळत होती. मुलांना मात्र खडकाच्या कडेला अजिबात जाऊ देऊ नका, तिथे शेवाळ असतं आणि लाट कधी मोठी येईल ते सांगता येत नाही.

तिथून अण्णांच्या वाडीत गेलो. जुन्या घराच्या जागी आता स्लॅबचं घर आहे, पण नव्या मालकांनी जोतं जुनंच ठेवलंय. आम्ही कोण, कुठले, हे कळल्यावर त्या घरातल्या ताईंनी आधी गूळ-पाणी आणून ठेवलं. अण्णा ओटीवर बसले नाहीत. जोत्याच्या कडेने हात फिरवत गेले आणि कोपऱ्यातल्या एका चिऱ्यापाशी थांबले. त्या चिऱ्यावर वाटीएवढा खळगा होता. लहानपणी सगळी भावंडं भाजलेल्या काजूबिया तिथे ठेवून दगडाने फोडायची, त्यातून पडलेला तो खळगा. ताईंनी आतून मूठभर बिया आणल्या. अण्णांनी एकेक फोडून नातवंडांना गर काढून दिला आणि चीक उडेल म्हणून दर वेळी त्यांचे चेहरे बाजूला करत होते. तिथून निघेपर्यंत त्यांच्या बोलण्याचा हेल बदलला होता. सासूबाई मला म्हणाल्या, "लग्न झालं तेव्हा असंच बोलायचे गं."

तवसाळ-जयगड फेरीबोटीत गाडीसकट माणसं शास्त्री नदीची खाडी ओलांडतात. नाहीतर भातगावच्या पुलावरून लांबचा वळसा पडतो. मे महिन्यात रांग लागते, आम्हालाही एक फेरी सोडावी लागली आणि जेटीवर ऊन चांगलंच तापलं होतं. म्हाताऱ्यांसाठी छत्री आणि पाण्याचा मोठा कॅन हाताशी असू द्या, तिकिटाला सुटे पैसेही ठेवा. बोटीवर मात्र अण्णांनी गाडीत बसायला साफ नकार दिला. कठड्याला धरून ते पार पलीकडच्या धक्क्यापर्यंत उभे होते. सागरी महामार्गासाठी या खाड्यांवर पूल बांधायचं ठरलेलं आहे. ते झाले की वेळ वाचेल, तरीही माझं मत असं की, मुलांना ही बोट अजून मिळतेय तोवर दाखवून घ्या.

जयगडजवळ कऱ्हाटेश्वराचं देऊळ आहे, समुद्राच्या अगदी काठावर. खाली गोमुखातून गोडं पाणी येतं. पुढे गणपतीपुळ्याहून रत्नागिरीला जाताना आरे-वारेचा रस्ता घ्या, ज्यांना उतरायला जमत नाही त्यांना सीटवर बसून समुद्र दिसतो. रत्नागिरीत थिबा राजवाडा बाहेरून पाहिला. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी इथे आणून ठेवलं, तो १९१६ साली इथेच वारला. सासूबाईंना वाड्यापेक्षा त्या राजाचीच जास्त हळहळ वाटली.

आता बिघाडाबद्दल. पूर्णगड सोडून कशेळीकडे येताना भर सड्यावर मागचं डावं चाक बसलं. सडा म्हणजे नुसता काळा कातळ, सावलीला झुडूपही नाही. स्टेपनी काढली, जॅक लावला, चार नट निघाले आणि पाचवा हलेना. निघण्यापूर्वी गावात टायरवाल्याकडे चाकं बदलून घेतली होती, त्याने हवेच्या मशीनने तो नट इतका आवळला होता की दीर पान्यावर उभे राहिले तरी तो सुटेना. मोबाईलला रेंज नव्हती. अण्णांना घाम फुटायला लागला तेव्हा मी खरंच घाबरले होते.

तेवढ्यात मोटरसायकलवर आंब्याचा क्रेट बांधून एक दादा आले. त्यांनी नट पाहिला, काही न बोलता निघून गेले आणि दहा मिनिटांत दोन हात लांबीचा लोखंडी पाइप घेऊन परत आले. तो त्यांनी पान्याच्या दांड्यावर सरकवला आणि टोकाला धरून एकच दाब दिला. कट्ट असा आवाज झाला आणि नट सुटला. दांडा लांब झाला की तेवढ्याच ताकदीत जोर कितीतरी वाढतो, हे थोरल्याला पुस्तकात वाचून जे कळलं नव्हतं ते तिथे एका झटक्यात कळलं. तेव्हापासून आमच्या डिकीत तसा पाइप कायम असतो. तुम्हीही ठेवा. निघण्यापूर्वी सगळे नट एकदा हातपान्याने सोडून पुन्हा बसवून घ्या.

दादांनी आम्हाला तसं सोडलं नाही. बागेतल्या खोपटात नेऊन अण्णांना आडवं केलं, वारा घातला, कोकम सरबत दिलं. खोपटात आंब्याची आढी घातलेली होती. पिकलेला हापूस कसा ओळखायचा ते त्यांनी धाकटीला शिकवलं: दाबून बघायचं नाही, देठाजवळ नाक न्यायचं. मग म्हणाले, इतक्या लांबून आलाय तर कशेळीचा हत्ती बघून जा, पण आत्ता नको, ऊन डोक्यावर येतंय, रेषा दिसणार नाहीत, पाचनंतर या.

आम्ही दुपार कनकादित्याच्या देवळात काढली. कशेळीचं हे सूर्यमंदिर आहे, आत छान गारवा असतो. पाचनंतर सड्यावर गेलो. दादा मुलांना एका बाजूने चालवत होते, "ही सोंड, हा पुढचा पाय, आता पोट आलं." कातळात कोरलेला तो हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे, उभं राहून एका नजरेत मावत नाही. त्याच्या अंगात मासे, पक्षी, जनावरं अशी कितीतरी चित्रं आहेत. तिरप्या उन्हात प्रत्येक रेषेच्या कडेला सावली धरली होती, म्हणून एकेक आकार सुटा दिसत होता. ही कातळशिल्पं हजारो वर्षांपूर्वीची आहेत, आणि २०२२ साली त्यांची नावं युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत गेली आहेत. आमच्या बेतात हे ठिकाण नव्हतंच. चाक बसलं नसतं तर आम्ही त्या सड्यावरून ताशी साठने निघून गेलो असतो. चपला घालून रेषांवर चालू नका, एवढी मात्र विनंती.

त्या उशिराचा फटका रात्री बसला. रेंज आल्याबरोबर देवगडच्या मुक्कामी फोन करून उशीर होईल असं कळवलं होतं, आगाऊ पैसेही भरले होते, तरी पोचलो तेव्हा आमच्या खोल्या दुसऱ्यांना दिलेल्या. सुट्टीत हे होतं, राग येतो, पण रात्री नऊ वाजता म्हातारी माणसं ताटकळत असताना भांडण्यात अर्थ नसतो. शेजारच्या घरातल्या काकी बाहेर आल्या आणि आपल्या पडवीत चटया टाकून दिल्या. सकाळी त्यांनी घावणे आणि नारळाचा रस केला होता. पैशांचं विचारल्यावर रागावल्या, शेवटी त्यांच्या नातवाच्या हातात खाऊसाठी म्हणून ठेवले.

मालवणबद्दल फार लिहीत नाही, सगळेच लिहितात. शिवरायांनी १६६४ साली सिंधुदुर्गाचं काम सुरू केलं, आणि चहूबाजूंनी खारं पाणी असताना आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, त्या मुलांना दाखवा. वयस्करांना होडीत चढ-उतार जड जाते. आमचे अण्णा आणि सासूबाई किनाऱ्यावर थांबले आणि तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिकलं जेवून आमच्यापेक्षा खूष होते. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात, म्हणून मेचे शेवटचे दिवस टाळा.

परतीच्या फोंडा घाटात चढाला काटा एकदम लालवर गेला. एसी बंद करून गाडी बाजूला घेतली. अशा वेळी रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नका, आतलं उकळतं पाणी अंगावर येतं. मागून आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरकाकांनी गाडी थांबवून पाहिलं. रेडिएटरचा रबरी पाइप क्लिपेपाशीच फाटला होता. इंजिन गार झाल्यावर त्यांनी फाटलेलं टोक चाकूने कापलं, उरलेला पाइप ओढून पुन्हा बसवला, क्लिप आवळली आणि कॅनमधलं पाणी ओतायला लावलं. त्यावर आम्ही कोल्हापूर गाठलं. चढाचे घाट पहाटे करा, गाडीवर आणि माणसांवर ताण कमी पडतो.

वयस्करांच्या सोयीचं एक राहिलं. गणपतीपुळे आणि पावसला देवस्थानांची भक्तनिवासं आहेत, तिथे तळमजल्याची खोली आधीच फोन करून मागा. दुपारी बारा ते चार गाडी चालवू नका. किनाऱ्याच्या रस्त्यावर पेट्रोल पंप लांब लांब आहेत, म्हणून अर्धी टाकी झाली की भरून घ्या. आणि औषधांचा डबा डिकीत टाकू नका, पायाशी ठेवा.