तोटा भरून निघेपर्यंत थांबावे का?

आपल्या गुंतवणुकीचे मूल्य ४० टक्क्यांनी घसरून आज १,८०,००० राहिले आहे आणि १२ टक्के व्याजाच्या कर्जापैकी २,००,००० मुद्दल फेडायची बाकी आहे. गुंतवणूक पुन्हा ४० टक्के वाढली की घातलेले पैसे सुटतील आणि मग ती विकून कर्ज फेडावे, असे आपण लिहिले आहे.

प्रथम हिशेबातली गफलत दूर करायला हवी, कारण सारा बेत तिच्यावरच उभा आहे. घसरणीचे टक्के मूळ रकमेवर मोजलेले आहेत, तर वाढीचे टक्के आजच्या, म्हणजे लहान झालेल्या रकमेवर मोजले जातील. मूळ रक्कम क्ष मानली, तर क्ष − ०.४क्ष = १,८०,०००, म्हणजेच ०.६क्ष = १,८०,०००; म्हणून क्ष = ३,००,०००. आजच्या रकमेत तिचेच ४० टक्के मिळवले तर २,५२,००० होतात आणि ४८,००० कमी पडतात. पूर्ण भरपाईसाठी १,२०,००० ची, म्हणजे सुमारे ६६.७ टक्के वाढ हवी. दरवर्षी १२ टक्के चक्रवाढीने वाढ होत गेली, तरी त्याला चार वर्षांहून अधिक काळ लागेल.

तरीही माझ्या मते ३,००,००० हा आकडा या निर्णयात धरूच नये. झालेल्या नुकसानीची सल सहज जात नाही हे मी जाणतो, पण कर्जाच्या व्याजाला त्या आकड्याशी काही देणेघेणे नाही. हप्त्यांमुळे घटणारी मुद्दल तूर्त बाजूला ठेवली, तर १,८०,००० कर्जात भरल्याने वर्षाला २१,६०० व्याज निश्चितपणे वाचते. मुदतपूर्व परतफेडीवर समजा २ टक्के, म्हणजे ३,६०० शुल्क पडले, तरी पहिल्या वर्षी १८,००० उरतात. गुंतवणुकीचा परतावा य टक्के मानल्यास १,८०,००० × य/१०० = १८,०००, म्हणून य = १०. पहिल्या वर्षी १० टक्के आणि पुढे १२ टक्के, तेही कर वजा जाता आणि खात्रीने, मिळणार असतील तरच थांबण्यात अर्थ आहे.

आज हीच रक्कम रोख हातात असती, तर कर्ज तसेच ठेवून आपण हीच गुंतवणूक विकत घेतली असती का? उत्तर नकारार्थी असेल, तर ती विकून कर्जात भरावी, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. अडीअडचणीसाठी दुसरी पुंजी नसेल, तर मात्र काही महिन्यांच्या खर्चाइतके पैसे आधी बाजूला काढावेत आणि उरलेलेच कर्जात भरावेत.