ट्यूब लावली की जातंय, सोडली की येतंय

प्रश्न : डॉक्टर, मी खानापूर तालुक्यात शेती करतोय. भात लावणीपासनं जांघेत नायटा उठलाय, रात्री खाज तर विचारू नका. मेडिकलमधनं ट्यूब आणली, चार दिवसांत गेल्यासारखं वाटलं, सोडली की दुप्पट. आता बायकोलाबी झालंय. रक्तातच दोष असेल काय?

उत्तर : रक्ताचा काही संबंध नाही हो. ही बुरशी, ट्रायकोफायटन. कातडीच्या वरच्या मेलेल्या थरातलं केराटिन नावाचं प्रथिन खाते आणि बाहेर बाहेर सरकते, म्हणून कड लाल आणि मधलं बरं झाल्यासारखं दिसतंय. आता ती ट्यूब हातात घ्या आणि मागची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन असलं काही आहे? असणारच बहुतेक. ते स्टेरॉइड, त्यानं खाज न् लाली दबते पण त्या जागची प्रतिकारशक्तीबी दबते, मग बुरशीला रान मोकळं, आणि पुढं गोल आकार मोडून असलं काहीतरी दिसायला लागतंय की आम्हालाच पटकन ओळखू येत नाही, वर जांघेतली कातडी पातळ होऊन पट्टे पडले तर ते जात नाहीत. मेडिकलवाल्यानं दिली म्हणून लावली, हे रोज ऐकतोय.

त्यात आपल्याकडं ट्रायकोफायटन इंडोटिनी नावाची जात पसरलीय, २०२० मध्ये जपानच्या संशोधकांनी नाव दिलं तिला. टर्बिनाफाइन हे बुरशीवरचं नेहमीचं औषध तिच्यावर बऱ्याचदा चालतच नाही. म्हणून शेजाऱ्याच्या गोळ्या घेऊ नका, स्किनच्या डॉक्टरांना दाखवा. कडेची कातडी खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून मायक्रोस्कोपखाली बघतात, बुरशीचे धागे दिसतात. औषध कितीतरी आठवडे चालतंय, दिसायचं बंद झालं तरी डॉक्टर म्हणेपर्यंत सोडायचं नाही, आणि दोघांनी एकदमच घ्यायचं, नाहीतर एकमेकांना देत बसाल. टॉवेल वेगळे. पावसात दोरीवरचे कपडे दमटच राहतात, तेव्हा चड्डी उलटी करून शिवणीवरनं कडक इस्त्री फिरवा आणि मगच घाला.

प्रश्न : मुलाच्या पाठीवर पांढरे डाग आलेत, कोड तर नसेल ना? (निपाणी)

उत्तर : न बघता शंभर टक्के सांगता येत नाही, पण नखानं खरवडल्यावर बारीक कोंडा पडत असेल तर शिबं असणार. मॅलेसेझिया नावाची बुरशी, ती सगळ्यांच्याच अंगावर असते, घाम न् तेलकटपणा वाढला की जोर धरते. एकाचं दुसऱ्याला लागत नाही, त्यामुळं पोराचं ताट-अंथरूण वेगळं करू नका. किटोकोनाझोलनं बुरशी जाते, रंग भरायला मात्र काही महिने लागतात, तेवढ्यात डॉक्टर बदलत फिरू नका.