हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरला राष्ट्रीय स्टँडर्ड्स सक्तीचे करावेत का? लहान हॉस्पिटलांना परवडेल का?

करावेत. परवडण्याचं नंतर बघू, आधी आमच्या आप्पांचं सांगतो, कारण याच विषयावर माझं आणि दाजींचं अजून वाजतं.

एप्रिल २०२१, कोरोनाची दुसरी लाट. आप्पा दाजींच्याच हॉस्पिटलात, तालुक्याच्या गावी, वीस बेडचं. डी-डायमर केलं, म्हणजे रक्तात गुठळ्या होतायत का याचा अंदाज देणारी टेस्ट, ३२०. दोन दिवसांनी ती लॅब बंद म्हणून सॅम्पल दुसरीकडे पाठवलं, ६५०. सिस्टरने केसपेपरवर दोन आकडे एकाखाली एक लिहिले, सॉफ्टवेअरमध्येही तेच टाकले, त्यात युनिटचा रकानाच नव्हता. दुप्पट झालं म्हणून सगळ्यांचं धाबं दणाणलं, रात्री अकराला ॲम्ब्युलन्स, नऊ हजार रुपये, कोल्हापुरात तीन ठिकाणी बेडसाठी हातापाया पडलो, चौथ्या ठिकाणी आत घेतलं. तिथल्या डॉक्टरांनी कागद बघितला आणि एवढंच विचारलं, "एफईयू की डीडीयू?" आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे. सकाळी दोन्ही लॅबना फोन केले. ही डी-डायमर मोजायची दोन वेगळी युनिटं, पहिला आकडा डीडीयूमधला, दुसरा एफईयूमधला. एफईयूचा आकडा साधारण दुप्पटच येतो, म्हणजे आप्पा होते तिथेच होते!

आता गंमत बघा, लॉइंक म्हणजे लॅब टेस्टना ठरलेले कोड देणारी जागतिक यादी, तिच्यात या दोन्हींना वेगवेगळे कोड आहेत, ४८०६५-७ आणि ४८०६६-५. कोड असता तर सॉफ्टवेअरने ते दोन आकडे एका ओळीत धरलेच नसते. आणि हे काय कालपरवाचं नाही, केंद्राने ईएचआर, म्हणजे पेशंटच्या डिजिटल रेकॉर्डचे, स्टँडर्ड्स २०१३ला काढले, २०१६ला सुधारले, लॉइंक त्यात आहे. फक्त पाळलेच पाहिजेत असं कोणी म्हणालं नाही, मग कोण कशाला पाळतंय.

दाजींचं एकच पालुपद, खर्च. कसला खर्च? लॉइंक फुकट. स्नोमेड सीटी, म्हणजे आजार-उपचारांच्या शब्दांची तशीच कोडवाली यादी, तिचा भारत २०१४पासून मेंबर आहे, तेही इथे फुकट वापरता येतं, आणि त्याचं काम बघणारं राष्ट्रीय केंद्र कुठे, तर आपल्या पुण्यात सी-डॅकमध्ये. खरी भीती वेगळी आहे. फाईल दुसऱ्या हॉस्पिटलात सहज उघडली तर पेशंटही सहज जाईल. हे दाजी एकदा जेवताना बोलून गेले, आता नाकबूल करतात.

आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर २०२१ला देशभर सुरू झालं, त्यातल्या हेल्थ अकाउंटचा, म्हणजे आभाचा, १४ आकडी नंबर तुम्हीही काढला असेल. चांगलंच आहे, पण त्यातही रिपोर्टचा नुसता पीडीएफ जोडता येतो, आणि पीडीएफमधलं एफईयू कुठलं मशीन वाचणार? त्यामुळे 'आम्ही आभाला जोडलेलो आहोत' असं कोणी छातीठोक सांगितलं की विचारा, आत डेटा आहे की फोटो.

तर परवडेल का, लायसन्सचं म्हणाल तर हो. वेळेचा खर्च मात्र खरा आहे, जुन्या टेस्टची यादी कोडला जोडत बसायला माणूस लागतो आणि वीस बेडच्या ठिकाणी तो नसतो, एवढं दाजींचं मान्य. म्हणून सक्ती आधी सॉफ्टवेअर विकणाऱ्यांवर आणि लॅबवर करा, डॉक्टरवर नंतर. आणि आभा ऐच्छिक आहे बरं का, काउंटरवर कोणी अडवून धरलं तर ऐकू नका.

तुमचं स्वतःचं हॉस्पिटल असेल तर आजच्या आज तो युनिटचा रकाना तरी आहे का बघा. दाजींनी तो टाकून घेतलाय, माझ्यामुळे नाही म्हणतात.