घरगुती घातक कचरा गोळा करायला महापालिकेला एवढा निधी कशाला लागतो?

तुम्ही विचारलंय की तुमची महापालिका घरगुती घातक कचऱ्याची केंद्रं वाढवायला राज्याकडे निधी मागतेय, पण जुने सेल, ट्यूब, मुदत संपलेली औषधं एवढंच तर गोळा करायचं, त्याला पैसा कशाला, भंगारवाला नेतोच की. मी एका मध्यम आकाराच्या महापालिकेत 19 वर्षं स्वच्छता निरीक्षक होतो आणि शेवटची काही वर्षं नेमकं हेच काम माझ्याकडे होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भंगारवाल्यापासूनच सुरू करतो. तो काय नेतो ते नीट बघा. इन्व्हर्टरची नाहीतर गाडीची बॅटरी नेतो, वर तुम्हाला पैसे देतो, कारण आत शिसं असतं. जुना मोबाइल, लॅपटॉप, तांब्याची वायर, सगळं नेतो. आता त्याच माणसाला घरातली गेलेली ट्यूबलाइट द्या, सीएफएल द्या, रिमोटमधले पेन्सिल सेल द्या, तळाला वाळलेला ऑइलपेंटचा डबा द्या, आजारपणातून उरलेल्या गोळ्यांची पिशवी द्या, इन्सुलिनच्या सुया द्या. हात लावणार नाही, आणि त्याचं काही चूक नाही, त्यातून त्याला दहा रुपये सुटत नाहीत. म्हणजे ज्याला भाव आहे ते आपोआप जातं आणि ज्याला भाव नाही ते तुमच्या-माझ्या डस्टबिनमधून घंटागाडीत पडतं. महापालिका जो पैसा मागतेय तो ह्या भाव नसलेल्या मालासाठी आहे. रिसायकलिंग हा शब्द वापरतात पण खरं तर ह्यातल्या बऱ्याच वस्तूंचं रिसायकलिंग होतच नाही, त्या जाळाव्या नाहीतर पुराव्या लागतात, आणि तेही नीट करायचं तर खर्च येतो.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. 8 एप्रिल 2016 ला घनकचरा व्यवस्थापनाचे जे नियम आले त्यात घरगुती घातक कचरा हा ओला आणि सुका सोडून तिसरा प्रकार धरला, रंगाचे डबे, कीटकनाशकाचे कॅन, सीएफएल, ट्यूब, पाऱ्याचे फुटके थर्मामीटर, सेल, मुदत संपलेली औषधं, सुया-सिरिंज असं सगळं त्यात आलं. आणि दर 20 चौरस किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला एक जमा केंद्र उघडायचं, त्याची वेळ लोकांना कळवायची, ही जबाबदारी महापालिकेवर टाकली. पुण्याचं उदाहरण घ्या, 2021 ला आजूबाजूची गावं सामील झाल्यावर पुणे मनपाची हद्द 500 चौरस किलोमीटरच्या वर गेली, म्हणजे नुसत्या नियमाच्या हिशोबानं किमान 26 केंद्रं झाली. आता 2026 च्या नव्या नियमांत चार भाग केलेत, ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा, हा सगळा माल त्या चौथ्यात येतो.

आमच्याकडं काय झालं ते सांगतो कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. आम्हाला पेट्यांसाठी पैसे मिळाले. सहा लाल पेट्या आल्या, प्रत्येक आरोग्य कोठीबाहेर, म्हणजे सफाई कामगारांच्या हजेरीच्या जागेबाहेर, एक बसवली, नगरसेवकांनी नारळ फोडले, शाळांतून माहिती दिली. आणि लोकांनी प्रतिसाद दिला बरं का, हे मला मुद्दाम सांगायचंय कारण आपल्याकडं लोक करतच नाहीत असं सर्रास बोललं जातं. एक रिटायर्ड शिक्षक तर दर महिन्याच्या एक तारखेला स्कूटरवरून यायचे, अख्ख्या सोसायटीचे सेल श्रीखंडाच्या डब्यात घालून.

तिसऱ्या महिन्यात पेट्या भरल्या आणि तेव्हा कळलं की पेटी रिकामी करून माल पाठवायचा कुठं ह्यासाठी आमच्याकडं एक रुपयाही नाहीये. महाराष्ट्रात घातक कचऱ्याची मोठी केंद्रं आहेत ती तळोजा, रांजणगाव, नागपूरजवळ बुटीबोरी अशी, मुळात कारखान्यांसाठी उभारलेली. आमच्यापासून जवळचं म्हणजे अडीचशे किलोमीटर. तिथं आधी सभासद व्हावं लागतं, माल परवानाधारक गाडीतूनच न्यावा लागतो, सोबत मॅनिफेस्ट, म्हणजे मालाच्या नोंदीचा कागद, लागतो, आणि दर प्रत्येक प्रकाराचा वेगळा, कारण औषधं नि रंग भट्टीत जातात, काही माल सिमेंट-चुन्यात बांधून अस्तर घातलेल्या खड्ड्यात पुरतात. सुया तिथं चालत नाहीत, त्या दवाखान्यांचा कचरा घेणाऱ्या केंद्राकडं. ट्यूबा अजून तिसरीकडं, त्या बंद मशीनमध्ये हवा ओढून घेत फोडतात म्हणजे पाऱ्याची वाफ बाहेर येत नाही, मग काच, ॲल्युमिनियमच्या टोप्या आणि पांढरी पावडर वेगळी करतात. सेल चौथीकडं. म्हणजे एका पेटीतून चार रस्ते फुटतात आणि प्रत्येक रस्त्यावर गाडीभाडं. मी दरपत्रक मागवलं, फाइल लेखा विभागात गेली, तिथून शेरा आला की ह्या खर्चासाठी लेखाशीर्ष, म्हणजे बजेटमधलं खर्चाचं खातं, नाही. पेट्यांसाठी होतं, ते संपलं होतं. फाइल तीनदा फिरली.

तोवर माल कोठीमागच्या खोलीत. ती खोली मला अजून दिसते. दहा बाय बाराची, एक झरोका, आत पोत्यांवर पोती, ट्यूबा दोरीनं मोळीसारख्या बांधून कोपऱ्यात उभ्या केलेल्या. एकदा सकाळी हजेरीच्या वेळी आतून टिचकन आवाज आला आणि एक मोळी घसरून पडली, मुकादम आत धावला तर फरशीवर पीठ सांडावं तशी पांढरी पावडर पसरलेली आणि काचा. त्यानं सवयीनं झाडू घेतला, मी ओरडून थांबवलं, सगळ्यांना बाहेर काढून दारखिडकी उघडी ठेवली आणि अर्ध्या-पाऊण तासानं ओल्या फडक्यानं आणि पुठ्ठ्यानं भरून घेतलं. पारा साध्या हवेत सुद्धा उडतो, झाडूनं तो अजून पसरतो, हे माझ्या माणसांना कुणी कधी सांगितलं नव्हतं, मलाही ते ट्रेनिंगमध्ये नाही, नंतर स्वतः वाचून कळलेलं.

आणि मग मी जे केलं त्याचं मला आजही वाईट वाटतं. खोली भरली म्हणून मी सहाही पेट्यांवर कागद चिकटवला, पेटी भरली आहे, कृपया पुढील सूचनेपर्यंत टाकू नये.

त्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी सुका कचरा वेगळा करण्याच्या शेडमध्ये काम करणाऱ्या एका मावशी माझ्याकडं आल्या, हाताला चिंधी बांधलेली. आदल्या दिवशी काळ्या पिशवीत हात घातला तेव्हा सुई घुसली होती, इन्सुलिनची, बारीक, टोपण नसलेली. दिवसभर बोलल्या नाहीत, खाडा पडला तर त्या दिवसाचे पैसे जातात म्हणून. रात्री भीती वाटली आणि सकाळी आल्या. मी त्यांना गाडीवर बसवून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, सुई कुणाची होती? त्याचं उत्तर कोण देणार, हजार घरांची पिशवी ती. त्यामुळं धोका धरूनच चालायचं, कावीळ बी ची लस, आणि एचआयव्ही होऊ नये म्हणून 28 दिवस गोळ्या, ह्या गोळ्या 72 तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, त्या दुसऱ्या दिवशी आल्या म्हणून जमलं. महिनाभर त्यांना मळमळायचं, तरी कामावर यायच्या. पुढं सहा महिने तपासण्या. सगळ्या चांगल्या आल्या, देवाची कृपा. पण ते सहा महिने त्या बाईनं नातवाला जवळ घेतलं नाही, असा काही आजार जवळ घेतल्यानं पसरत नाही हे मी आणि डॉक्टर दोघांनी सांगूनही.

ज्या भागातून ती पिशवी आली होती तिथल्या कोठीवर लाल पेटी होती. माझा कागद लावलेली.

म्हणून तुम्ही जेव्हा म्हणता एवढा पैसा कशाला, तेव्हा माझं उत्तर असं आहे की पैसा लागतोच, पण तो नेमका कशासाठी मागितलाय हे तुम्ही बघाच. एकदाच होणारा खर्च, म्हणजे पेट्या, शेड, गाडी, बोर्ड, ह्यासाठी पैसा त्या मानानं मिळतो. स्वच्छ भारत मिशनचा शहरी दुसरा टप्पा 1 ऑक्टोबर 2021 ला सुरू झाला, त्यात घनकचऱ्याच्या कामांना केंद्राचा वाटा 10 लाखांवरच्या शहरांना 25 टक्के, 1 ते 10 लाखांच्या शहरांना 33 टक्के आणि लाखाच्या आतल्यांना 50 टक्के असा ठेवलाय, पण तो उभारणीसाठी. रोजची गाडी, रोजची माणसं, भट्टीचा किलोमागचा दर हे सगळं दरवर्षी लागतं आणि ते महापालिकेनं आपल्या खिशातून बघायचं असतं. लहान-मध्यम महापालिकेचा खिसा पगार आणि पाणीपुरवठ्याच्या लाइटबिलातच रिकामा होतो हे आतून बघितलंय मी.

काही लोक म्हणतात की वजनात हा कचरा किती, अगदी चिमूटभर, त्यापेक्षा ओल्या कचऱ्याकडं लक्ष द्या. हे ऐकायला बरोबर वाटतं, पण ओल्या कचऱ्याचं खतच ह्या चिमूटभरानं बिघडतं. शहरी कचऱ्याच्या खतात पारा किती चालतो तर किलोला 0.15 मिलिग्रॅम, ही खत नियंत्रण आदेशातली मर्यादा आहे. एका सीएफएलमध्ये 3 ते 5 मिलिग्रॅम पारा असतो. समजा 3 च धरला आणि सगळा खतात उतरला, तर एका दिव्यानं 20 किलो खताची मर्यादा संपते. तेच खत आपण शेतकऱ्याला घे म्हणून सांगणार, तो का घेईल? आणि लिथियमची बॅटरी कॉम्पॅक्टरमध्ये, म्हणजे कचरा दाबणाऱ्या गाडीत, दाबली गेली की पेट घेते, डेपोवरच्या आगींबद्दल बोलताना हे कारण आपल्याकडं फारसं कुणी काढतच नाही.

दुसरीकडं कसं करतात ते बघण्यासारखं आहे. केरळनं 2025 ला कोझिकोडमधून नको असलेली औषधं परत घेण्याचा कार्यक्रम सुरू केला, घरून नाहीतर ठरलेल्या ठिकाणच्या पेटीतून औषधं घ्यायची आणि कोचीजवळच्या अधिकृत केंद्रात जाळायची, म्हणजे शेवटचा टप्पा आधी ठरवला आणि मग पेट्या ठेवल्या, मला हे फार पटलं. अमेरिकेत ओरेगॉन राज्यानं 2009 ला रंगासाठी कायदा केला, रंगाचा डबा विकतानाच थोडी फी घेतात आणि त्यातून उरलेला रंग परत घेण्याचा खर्च भागतो, महापालिकेला राज्याच्या दारात जावं लागत नाही. आपल्याकडं बॅटऱ्यांसाठी 2022 च्या नियमांनी उत्पादकावर जबाबदारी टाकलेली आहे, ट्यूब-सीएफएल ई-कचऱ्याच्या नियमांत आहेत, तरी आमच्या त्या सहा पेट्यांपर्यंत कुठल्या उत्पादकाचा माणूस माझ्या काळात आला नाही. तुमच्या महापालिकेनं निधी मागताना हा धागा पकडायला हवा असं मला मनापासून वाटतं, सेल आणि ट्यूबांचा खर्च उत्पादकांकडून वसूल करायचा आणि राज्याकडून जे येईल ते सुया, औषधं नि रंगावर लावायचं, कारण त्यांना दुसरा वाली नाही.

तुम्हाला काही करायचं असेल तर प्रस्तावाची प्रत मागा, माहिती अधिकारात मिळते. त्यात फक्त दोन गोष्टी शोधा, माल शेवटी कुठल्या केंद्रात जाणार त्याचा करार जोडलाय का, आणि पुढच्या पाच वर्षांच्या वाहतूक नि विल्हेवाटीचा खर्च कुठल्या लेखाशीर्षाखाली धरलाय. हे नसेल तर बजेटच्या वेळी हरकत-सूचना द्या, प्रभागातल्या दहा-पंधरा जणांच्या सह्या घेऊन द्या, एकट्याच्या अर्जापेक्षा त्याची दखल घेतात.

आणि केंद्र सुरू होईपर्यंत घरात एवढं करा. इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत, फिनेलची रिकामी बाटली उत्तम, भरली की झाकण टेपनं बंद आणि बाहेरून लाल मार्करनं मोठ्ठं सुई असं लिहा, जवळचा दवाखाना किंवा लॅब घेते का विचारा, बरेच जण ओळखीवर घेतात. सेलच्या टोकांना चिकटपट्टी. गेलेली ट्यूब नवीन ट्यूबच्या पुठ्ठ्यात घालून कचरावाल्या ताईंच्या हातात वेगळी द्या, डब्यात उभी खोचू नका, आणि देताना तोंडानं सांगा की ताई ही ट्यूब आहे.

तुमचं शहर कुठलं ते कळवलंत तर जवळचं केंद्र कुठलं आणि किती अंतरावर पडेल ते सांगू शकेन.