वाचकांचे प्रश्न : कॉलनीतला सुसाट रस्ता

प्रश्न : आमच्या कॉलनीतला ९ मीटरचा सरळ रस्ता नुकताच काँक्रीटचा झाला. मोटारसायकली सुसाट जातात, मुलं सायकलने शाळेत जातात. वर्गणी काढून रबरी गतिरोधक बसवावेत का? वेगळा सायकल ट्रॅक मागावा का? — एक वाचक, अमळनेर

उत्तर : रबरी पट्ट्या नकोत. पालिकेच्या परवानगीशिवाय रस्त्यावर काही ठोकता येत नाही, हे एक. शिवाय अरुंद पट्टीवर मोटारवाल्याला जेमतेम धक्का बसतो, सायकलवाल्याचा मात्र कणा हादरतो. बोल्ट ढिले झाले की पट्टी तुटते आणि बोल्टांची डोकी वर राहतात.

रस्त्यांचे मापदंड ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने सुचवलेला गोल उंचवटा वाहन जाण्याच्या दिशेने ३.७ मीटर रुंद आणि मधोमध १० सेंमी उंच असतो. ताशी २५ किमी वेगाने तो विनाधक्का पार होतो. ठेकेदाराला प्लायवूडचा फर्मा करायला लावा. मध्यापासून ९२ सेंमीवर उंची साडेसात सेंमी भरली पाहिजे. अंदाजाने केलेला उंचवटा हमखास टोकदार होतो. उंचवट्यासाठी काँक्रीटवर डांबर टाकण्याआधी टाचे मारून (पृष्ठभाग खरबरीत करून), धूळ झाडून पातळ डांबराचा हात द्यायला हवा, नाहीतर आपल्याकडच्या मे महिन्यात चाकांच्या रेट्याने थर सरकतो. गटारीकडे पाण्याला वाट ठेवा. ४० मीटर आधी फलक, वर काळे-पांढरे पट्टे आणि जवळ दिव्याचा खांब हवाच.

पण मूळ दुखणं सरळ, मोकळ्या रुंदीचं आहे. एका कडेला दीड मीटर पायवाट कायम ठेवा, २ मीटर पार्किंग, उरलेला साडेपाच मीटर दुतर्फा वाहतुकीला. पार्किंगची बाजू दर ४०-५० मीटरवर बदला, म्हणजे सरळ धाव तुटते. बदलाच्या जागी १०-१२ मीटर मोकळे सोडा, नाहीतर ट्रॅक्टर-ट्रॉली अडकेल. पार्किंगच्या टोकांना कडुनिंब लावा. मोकळी टोकं राहिली की तिथून दुचाकी घुसतात. (रस्त्यावर पुढे आलेले ओटे आधी मागे घ्यावे लागतील, भांडण तिथेच होतं.)

पालिकेच्या बांधकाम विभागाला आणि वाहतूक पोलिसांना लेखी कळवून, त्यांच्या संमतीने आधी फक्कीच्या रेघा आणि वाळूच्या गोण्यांनी हाच आराखडा दोन आठवडे चालवून पाहा. त्यात आठवडे बाजाराचा दिवस यायला हवा. शाळेची बस आणि अग्निशमन गाडी वळवून बघा.

सायकल ट्रॅक इथे मागू नका. वाहनं ताशी ३० किमीच्या आत आली की सायकल त्यांच्याबरोबरच चालते, आणि नुसता रंगवलेला पट्टा लगेच पार्किंग होतो. त्यापेक्षा मुख्य रस्त्यावरून आत वळायचा कोपरा आवळून घ्या. मोठ्या वळणावरून वाहन वेग न सोडताच आत शिरतं, आणि सायकलवाला नेमका तिथेच सापडतो.