गुरुवारचा रविवार

"मॅडम, या शिफ्टच्या नोकरीत संसार टिकेल का हो?"

निगडी-आकुर्डी भागात समुपदेशन करायला लागून मला १७ वर्षं झाली. या काळात हा प्रश्न किती जणांनी विचारला, ते मोजायचं मी कधीच सोडून दिलं. कधी हॉस्पिटलमधली सिस्टर विचारते, कधी अमेरिकेच्या वेळेवर काम करणारा हिंजवडीचा मुलगा, कधी पोलिसाची बायको. एका आईने तर लग्नाआधीच विचारलं होतं, "मुलगा चांगला आहे, पण नाईटला असतो. देऊ का मुलगी?" गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात तिघांनी हाच प्रश्न विचारला, तेव्हा ठरवलं की सुहास आणि वैशालीची गोष्ट लिहून टाकावी. नावं बदलली आहेत, आणि लिहायला दोघांची परवानगी आहे.

सुहास भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मशीन ऑपरेटर. फर्स्ट सकाळी ७ ते साडेतीन, सेकंड साडेतीन ते रात्री १२, थर्ड १२ ते सकाळी ७. दर आठवड्याला पाळी बदलते. वैशाली पतसंस्थेत क्लार्क, १० ते साडेपाच. मुलगा अद्वैत दुसरीत जाणार होता. सकाळची शाळा आणि दुपारनंतर पाळणाघर. भांडणं वाढली होती, आणि बोलणं फक्त भांडणापुरतं उरलं होतं. दोघं पहिल्यांदा आले ते एप्रिलमध्ये.

"वेळच मिळत नाही," वैशाली म्हणाली.

"मी काय मजा मारायला जातो का कंपनीत?" सुहास म्हणाला. "घरासाठीच मरमर करतोय ना?"

वैशालीच्या पर्समध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या एका मेसेजची प्रिंट होती: रात्रपाळीने कॅन्सर होतो. तिने ती सुहासला भांडणात दाखवली होती, म्हणजे काळजीचा कागद हत्यार म्हणून वापरला होता. तो विषय मी आधी बाजूला काढला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली रात्रपाळी 'बहुधा कर्ककारक' गटात टाकली, हे खरं आहे. लाल मांसही त्याच गटात आहे. ही वर्गवारी पुरावा किती पक्का आहे ते सांगते, धोका किती मोठा आहे ते सांगत नाही. घाबरण्यापेक्षा झोप, जेवण आणि तपासण्या सांभाळा, एवढंच मी सांगते. प्रिंट माझ्याकडेच ठेवून घेतली.

मग मी एक चूक केली.

माझे वडील एसटीत कंडक्टर होते. मुक्कामी गाडीवरून परतायला कधी रात्रीचे ११ वाजत, कधी १. आई जागी असायची. ते आले की भाकरी टाकायची आणि ते जेवेपर्यंत समोर बसायची. माझ्या डोक्यात सुखी संसाराचं चित्र ते. मी वैशालीला सुचवलं, "सेकंडच्या आठवड्यात ते येतील तेव्हा दहा मिनिटं उठून बसत जा." किती सोपं वाटलं मला! सुहास कंपनीच्या बसने पाऊण वाजता घरी पोचायचा. वैशाली पहाटे पाचला डब्यासाठी उठायची. चौथ्या रात्री तिने ताट आपटलं. पुढच्या भेटीत ती मला म्हणाली, "मॅडम, तुम्ही सांगितलंत म्हणून जागले. पण डोळे मिटत होते आणि त्यांचा रागच येत होता."

आईचा गुण मी औषध म्हणून लिहून दिला होता. आई दुपारी झोपायची, हे मला आठवलंच नाही. आणि आई खरंच सुखी होती का, हे मी तिला कधी विचारलेलं नाही. समुपदेशकाने आपलं माहेर खोलीबाहेर ठेवावं असं शिकवतात. ठेवतो आम्ही, पण ते चप्पल घालून परत आत येतं.

पुढच्या खेपेला मी सल्ला दिला नाही. वैशालीला म्हटलं, "स्वयंपाकघरातलं कॅलेंडर घेऊन या."

तिने कालनिर्णयची एप्रिल आणि मेची पानं आणली. मराठी घराचा खरा दस्तऐवज तोच. दुधाचे खाडे, गॅस लावल्याची तारीख, पाळणाघराची फी, कोपऱ्यात सुहासच्या पाळीची अक्षरं. लग्नसराईचे दिवस, त्यामुळे रविवारचे चौकोन भरलेले: मावशीकडचं लग्न, शेजारच्यांची वास्तुशांत, भाच्याचं बारसं. आणि जवळजवळ प्रत्येकाखाली पेन्सिलने, बारीक अक्षरात दोन शब्द. किती माणसं जाणार, आहेर काय न्यायचा, याच्या हिशेबासाठी तिने ते लिहिलेले.

'हे नाहीत.'

सुहासने पान हातात घेतलं. बोट फिरवत मोजलं. सहा वेळा. मग बराच वेळ काही बोलला नाही. माझ्या खोलीतला पंखा आवाज करतो, तो तेवढा ऐकू येत होता.

"आमच्याकडे हे असं कधी म्हणतात माहीत आहे ना तुला?" तो वैशालीला म्हणाला.

तिला तेव्हा कळलं आपण काय लिहून ठेवलंय. "अहो, तसं नाही हो," म्हणत ती रडायला लागली. तो म्हणाला, "मी आहे गं. फक्त रविवारी नाही."

अशा वेळी नवखा समुपदेशक लगेच बोलतो. मी गप्प राहिले, आणि हे गप्प राहणं शिकायला मला दहा वर्षं लागली आहेत. कारण खरं वाक्य त्यानंतर आलं. सुहास म्हणाला, "आणि मी गुरुवारी घरी असतो तेव्हा तुम्ही नसता. झाकून ठेवलेलं ताट असतं. ते मी कुठे लिहू?"

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. पिंपरी-भोसरी पट्ट्यातल्या पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. विजेचा भार आठवडाभर वाटला जावा म्हणून औद्योगिक भागांना सुट्टीचे वार वेगवेगळे ठरवून दिले गेले, ती पद्धत रुजली. त्यामुळे आमच्या शहरात हजारो घरं अशी आहेत की बापाची सुट्टी गुरुवारी आणि बाकीच्यांची रविवारी. सुहासच्या गुरुवारी काय व्हायचं? गाडीचं सर्व्हिसिंग, बँक, दळण आणि झोप. अद्वैत त्या दिवशीसुद्धा पाळणाघरात, कारण "यांची झोप व्हायला हवी" आणि फीचे पैसे भरलेलेच असतात.

मी पानांवरचे गुरुवार दाखवले. दोन महिन्यांत घरातल्या कुणाचं नाव एकाही गुरुवारच्या चौकोनात नव्हतं.

मी एलिसच्या वाटेने जाणारी. अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५५च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ पद्धत म्हणजे थोडक्यात एवढंच, की आपल्याला छळतं ते प्रसंगापेक्षा त्याच्याबद्दल आपण धरून बसलेली मागणी. एलिसला मराठी आलं असतं तर त्याचं काम हलकं झालं असतं, असं मला नेहमी वाटतं. आपल्याकडे सगळा हट्ट एका अक्षरात मावतो: 'च'. रविवारी घर एकत्र असलंच पाहिजे. मी एवढं राबतो तर घराने समजून घेतलंच पाहिजे. त्या दिवशी मी दोघांना हा 'च' काढून तीच वाक्यं परत म्हणायला लावली. रविवारी घर एकत्र असावं, असं मला वाटतं. वैशाली म्हणाली, "हे म्हटलं की राग येत नाही, वाईट वाटतं." बरोबर. वाईट वाटणं रास्त आहे, आणि वाईट वाटत असलेल्या माणसाशी बोलता येतं. 'च' धरून बसलेल्या माणसाशी फक्त वाद घालता येतो.

तर मग रविवार गुरुवारी करायचा. ऐकायला छान, पण लगेच अडचण आली.

"गुरुवारी मटण कसं करणार? माझा गुरुवार असतो, स्वामींचा."

याचं उत्तर कुठल्याही मानसशास्त्राच्या पुस्तकात नाही. ते सुहासने काढलं: बुधवारी रात्री. ज्या आठवड्यात फर्स्ट असेल त्या बुधवारी तो चार वाजता घरी, येतानाच मटण आणेल आणि वाटण तोच करेल. गुरुवारी दुपारी अद्वैत पाळणाघरात न जाता घरी. संध्याकाळी तिघं बाहेर.

इथे वैशाली जरा ओशाळून म्हणाली, "तसे आम्ही दर गुरुवारी तुमच्याकडून निघालो की भेळ खातो. लग्नानंतर पहिल्यांदाच असं नेमाने बाहेर पडतोय."

मी त्यांना गुरुवारी साडेसहाची वेळ दिली होती, कारण दोघं एकत्र मोकळे असायचे ते तेव्हाच. सहा आठवडे हे माझ्या डायरीत लिहिलेलं होतं आणि मला दिसलं नव्हतं. माझी फी आणि भेळ यांतलं नेमकं कशाने गुण आला, हा प्रश्न मी फार ताणत नाही.

आता ज्यांच्या घरी पाळ्या आहेत त्यांच्यासाठी थोडं.

सगळे नाईटला घाबरतात. शरीराला नाईट जड जाते, यात वाद नाही. आपल्या आतलं घड्याळ (त्याचं यंत्र उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल मिळालं) दिवसाला जेमतेम तासभर सरकतं. आठवड्याला पाळी बदलली तर ते कधीच जुळत नाही. पण माझ्या खुर्चीतून पाहता संसाराला खरी नडते ती सेकंड. बाहेरून घरी येण्याची, अभ्यासाची, जेवणाची, उगाच गप्पांची वेळ, म्हणजे अख्खी संध्याकाळ ती खाते. त्याबद्दल कुणी तक्रारही करत नाही, कारण माणूस रात्री घरातच झोपतो.

सुहासच्या घरी सेकंडचा आठवडा असा सोडवला: अद्वैतची शाळा पावणेएकला सुटते, सुहासची बस अडीचला. त्या आठवड्यात शाळेतून तो आणेल, जेवू घालेल आणि मगच पाळणाघरात सोडेल. सव्वा-दीड तास. पहिल्या दिवशी त्याने मुलाला वरणभातावर तूप घालायचं विसरून डब्यातलं लोणचं वाढलं, तर मुलगा घरी आल्यावर आईला कौतुकाने सांगत होता. वैशाली रात्री जागत नाही. झोपण्याआधी फोनवर दोन मिनिटं काहीतरी बोलून ठेवते, तो बसमध्ये ऐकतो. दुधाचा भाव, ऑफिसातली कुरबुर, काहीही. तक्रार मात्र त्यात घालायची नाही. माणूस अर्ध्या वाटेवर असतो, त्याला उत्तर देता येत नाही.

थर्डच्या आठवड्याचा नियम वेगळा. झोप आधी. जाड गडद पडदा, बेलचं बटण बंद, सोसायटीत सांगून ठेवायचं. घंटागाडीच्या गाण्याला इलाज नाही, कानात बोळे. ड्युटीवर जायच्या आधीही तास-दीड तास पडावं. त्या आठवड्यात कर्जाचा हप्ता, गावची जमीन, सासर-माहेर हे विषय काढायचे नाहीत. नाईटवरून आलेल्या माणसाशी सकाळी साडेआठला भांडणं म्हणजे दारू प्यायलेल्या माणसाशी भांडणं. दोघांच्याही लक्षात भलतंच राहतं. आणि रात्रभर जागून दुचाकीवरून येत असाल तर ते थांबवा, कंपनीची बस घ्या. पहाटे चार-पाचच्या सुमाराला शरीर सगळ्यात सुस्त असतं, आणि ती सुस्ती गेट ओलांडल्यावर लगेच उतरत नाही.

सगळंच घराच्या समजुतीवर ढकलायचं नाही, हेही सांगते. फर्स्टनंतर सेकंड, मग थर्ड, असा पुढे सरकणारा क्रम शरीराला उलट्या क्रमापेक्षा सोसतो. पाळीपत्रक महिनाभर आधी लागलं तर घराला काही ठरवता येतं. युनियन असेल तर पगारवाढीच्या बोलणीत हे मुद्देही मांडा. ओव्हरटाइमचा दर दुप्पट असतो म्हणून त्याची सवय लागते. सुहासने महिन्यातले दोन ओटी सोडले आणि त्यावरून घरात एक कडक भांडणही झालं, कारण फ्रिजचा हप्ता चालू होता.

काही वेळा उत्तर 'नोकरी बदला' हेच असतं. झोप यावी म्हणून सकाळी क्वार्टर लागत असेल, मशीनवर डुलकी येत असेल, मधुमेह किंवा फिट्सचा त्रास असून डॉक्टरांना पाळीबद्दल सांगितलेलंच नसेल, किंवा जगण्यात रस उरलेला नसेल, तर भेळ आणि कॅलेंडर पुरत नाही. आधी डॉक्टर गाठा.

दोघांचं येणं ऑगस्टमध्ये थांबलं. जानेवारीत सहज भेटायला आले, अद्वैतला घेऊन. वैशालीने फोनवर नव्या कालनिर्णयच्या पानाचा फोटो दाखवला, जणू प्रगतिपुस्तक. रविवारच्या लग्नाखाली आता 'हे सेकंडला' असं लिहिलेलं होतं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी मात्र लाल पेनाने गोल केलेला. सुहासने कुणाशी तरी सुट्टी बदलून घेतली होती.

मी विचारलं, "त्या दिवशी काय आहे?"

"काही नाही मॅडम," तो म्हणाला. "नुसताच रविवार आहे."